मुक्काम भोकरवाडी

पाहुण्यांना घेऊन डोंगराच्या धारेवरून चालायचं म्हटलं की साईनाथला चालण्याची काळजी कधीच नसे. काळजी गाडीची आणि मुक्कामाची. माणसं डोंगराच्या एका अंगाला चढतात आणि दुसऱ्या अंगाला उतरतात. गाडीला मात्र वळसा घालून यावं लागतं. डोळखांबच्या पुढे माणसं सोडायची, मग काळूरामने आपली इको रिकामी हाकत किन्हवली, सरळगाव, टोकावडे असा फेरा मारायचा आणि मुरबाडच्या बाजूला डोंगराखाली येऊन थांबायचं. रिकाम्या फेऱ्यावर काळूराम चिडत असे. गाडीत कोणी बोलायला नसलं की झोप येते, असं तो म्हणायचा.

गाडीचं एकदाचं जमलं, पण मुक्कामाचं अडलं होतं.

ठाण्याच्या एका बँकेतल्या बायकांचा गट दसऱ्यानंतर यायचा होता. डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला असतो, तो त्यांना बघायचा होता. दिवसभर धार चालून संध्याकाळी त्या खाली उतरणार, तिथेच रात्री राहणार आणि सकाळी काळूरामच्या गाडीने आसनगाव स्टेशन गाठणार. गटाच्या म्होरक्या बाईंनी फोनवर साईनाथला एकच प्रश्न विचारला होता. तुमची आई राहील का हो तिथे? राहत असेल तर आम्हाला काही विचारायचं नाही.

साईनाथ बोलून गेला की राहील. नुसती राहीलच नाही, त्या रात्री ती तिथे असेलच.

मग घरी येऊन त्याने आईला सांगितलं.

द्वारकाबाई तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा दिवस नेमांनी बांधलेला होता. पहाटेची अंघोळ, देवापुढचा दिवा, सहस्रनाम, तुळशीचं पाणी, मग चहा. सोमवार आणि एकादशी. आणि या सगळ्यांच्या वरचा नेम परान्नाचा. दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेलं खायचं नाही. यजमान ज्ञानेश्वरराव मोटरसायकलवरून पडले आणि दवाखान्यात शुद्ध हरपून पडून राहिले, त्या दिवसांत द्वारकाबाईंनी तो देवापुढे बोलला होता. ज्ञानेश्वरराव उठून बसले, घरी आले, आता खुर्चीत बसून पेपर वाचतात आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरतात. नेम चालूच राहिला. लग्नकार्यात द्वारकाबाई आपला डबा नेत. शहापुरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाच्याही घरी गेलं की त्यांच्यासाठी केळं नाहीतर पेरू बाजूला ठेवलेला असे, त्यांना तोंडाने काही सांगावं लागत नसे.

"माझ्या जिवाचं भाडं भरतेय ही," ज्ञानेश्वरराव पाहुण्यांना सांगत. "घर सोडायला मी तयार नाही, म्हणून तिला दर दिवशी भरावं लागतं."

आईने जागा आधी डोळ्यांनी बघून यावी, असं साईनाथचं म्हणणं होतं. डोंगर चढायचा नाही, गाडीनेच जायचं. गौरी-गणपती नुकतेच बोळवून झाले होते आणि पितृपक्ष लागायचा होता. मधल्या दिवसांतच हे उरकू, त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी परसातल्या वेलावरची काकडी काढली. या वर्षी वेलाला आलेली ती सगळ्यांत देखणी काकडी होती, हातभर लांब. कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर हात हलवत कसं जायचं? शिवाय त्यांनी स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

बघायच्या जागा दोन होत्या. पहिली हरेशशेठचं फार्महाऊस, टोकावड्याहून आत जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून. लोखंडी गेट, लाद्या, झोपाळा, पोहायची टाकी, आणि टाकीच्या कडेला एवढाले स्पीकर. खोल्या स्वच्छ होत्या, त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. पण डोंगरावरून उतरलेल्या बायकांना तिथवर यायचं तर पुन्हा डांबरावरून मोठी चाल पडणार होती, आणि शेजारच्या खोल्यांत शनिवारी कोण उतरलेलं असेल ते हरेशशेठलाही सांगता येत नव्हतं.

दुसरी जागा भोकरवाडी. धारेची सोंड जिथे जमिनीला टेकते तिथेच ही वाडी होती. गाव मागे राहतं, भातखाचरं संपतात, एक ओहोळ लागतो आणि ओहोळापलीकडे ही आदिवासी वाडी. ओहोळावरच्या फरशी पुलावरून अजून पाणी वाहत होतं. काळूरामने गाडी थांबवून पाण्याकडे बघितलं, मग द्वारकाबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुमचे देव जागे हायेत ना? मग घालतो."

वाडीतलं शेवटचं घर बुधू आणि सकुबाईचं. कुडाच्या भिंतींचं जुनं घर आणि त्याला लागून घरकुलाची एक पक्की, रिकामी खोली. बुधूने साईनाथला धारेची वाट दाखवली होती, तेव्हापासूनची ओळख. मुक्काम आपल्याकडे होईल का, असं साईनाथने विचारल्यावर सकुबाईने खोली आतून सारवून काढली होती, संडासाला दार बसवून घेतलं होतं, न्हाणीला ताडपत्रीचा आडोसा केला होता. द्वारकाबाईंनी सगळं फिरून बघितलं. कडी लागते का बघितलं, खिडकीतून वारा येतो का बघितलं. मनातून त्या खूश झाल्या. इथे आपण निवांत झोपू, असं त्यांना वाटलं.

बुधू कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी तो बोलला. भट्टीवाल्याचा माणूस दसऱ्याच्या सुमाराला वाडीत विचारायला येतो. हो म्हटलं की दिवाळी झाल्यावर सगळं घर उचलून विटा पाडायला जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत. सून जयश्रीचे दिवस माघात भरायचे होते. तिचं पहिलं पोर भट्टीवरच्या झोपडीतच जन्मलं होतं. साईनाथदादाचे पाहुणे महिन्यातून दोन वेळा जरी आले तरी यंदा घर हलणार नाही.

"ह्या टायमाला पोर घरात व्हावं, यवढंच," सकुबाई मधेच म्हणाली आणि आत गेली. ती बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. पितळी, चिंचेने घासून लखलखीत केलेला.

"राहू दे, आहे माझ्याकडे," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. पिशवीतून बाटली काढून त्या दोन घोट प्यायल्या.

सकुबाईने तांब्या साईनाथपुढे धरला.

मग जेवणं झाली. तांदळाच्या भाकऱ्या, वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी. साईनाथ आणि काळूराम मांडी ठोकून बसले. सकुबाईने तिसरं ताट वाढून आणलं तेव्हा द्वारकाबाई ओट्यावरच बसून होत्या. मला नको, तुम्ही जेवा, एवढंच त्या म्हणाल्या. सकुबाई ताट घेऊन क्षणभर उभी राहिली. मग ताट परत आत गेलं.

द्वारकाबाईंना चुकचुकल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून काकडी काढून सकुबाईच्या हातात दिली. सकुबाईने ती दोन्ही हातांनी घेतली. चिरा ना, सगळ्यांनाच होईल, द्वारकाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे," सकुबाई म्हणाली, आणि आत जाऊन काकडी शिंक्यात ठेवली. ओट्यावरून ते दिसत होतं.

परतीच्या वाटेवर सरळगाव आलं. मग द्वारकाबाईंनी साईनाथला सांगितलं की जागा उत्तम आहे, हीच ठरव. एवढं सांगून झाल्यावर त्या स्वतःशीच पुटपुटल्या. कौतुकाने नेलेली वस्तू, तिने तोंडाला लावली नाही. साईनाथला ते ऐकू गेलं नाही. काळूरामने आरशातून एकदा मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं.

पितृपक्ष लागला. काळूराम बाजाराच्या दिवशी टोकावड्याला भाडं घेऊन गेला होता, तो संध्याकाळी घरावरून जाताना थांबला. चहा नको म्हणाला, आणि चपला न काढताच पायरीवर बसला. बुधू भेटला होता. बुधूने निरोप दिला होता, पण तो त्याचा नव्हता, बायकोचा होता. पाहुण्यांना हरेशशेठकडेच ठेवा. आमच्याकडे नको.

साईनाथने कारण विचारलं.

"कारण काय," काळूराम म्हणाला. "ती म्हणते, आमच्या हातचं तुमच्या आईला चाललं नाय, तर आईला विचारून येनाऱ्या बायकांना काय चालंल? सगळ्यांच्या पुढ्यात ताट परत न्यायचं, ते एकदा झालं तेवढं पुरं."

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, अरे, पण माझा नेम आहे ना. तुला माहीत आहे.

"मला माहीत हाये, काकू," काळूराम म्हणाला. "सगळ्या शहापूरला माहीत हाये. भोकरवाडीला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. साईनाथला वाटलं होतं आईने सांगितलं असेल. आईला वाटलं होतं... आईला काही वाटलंच नव्हतं. सांगायची वेळच इतक्या वर्षांत कधी आली नव्हती.

साईनाथने उसासा टाकला. येत्या रविवारी बँकेच्या बाईंना मुक्कामाची जागा कळवायची होती. सकुबाई नको म्हणते तर तिच्या दारात पुन्हा जाऊन गळ कशी घालायची? हरेशशेठला हो म्हणून टाकतो, तो म्हणाला. बाकी भट्टीवाल्याचा माणूस यायला अजून अवकाश होता. पाहुणे नाहीत म्हटल्यावर बुधूला त्याला हो म्हणावं लागणार होतं.

रात्रीची जेवणं झाल्यावर ज्ञानेश्वररावांनी पेपर घडी करून ठेवला.

"पाणी तरी प्यायलीस का तिच्याकडचं?" त्यांनी विचारलं.

"बाटली होती माझ्याकडे."

"बाटली असू दे गो. नेम अन्नाचा घेतलास. पाण्याचा कधी घेतलास?"

द्वारकाबाईंनी ओटा पुसला, दूध झाकलं, देवघराचा पडदा ओढला. प्रश्न मात्र सकाळपर्यंत तसाच होता. पहाटे देवापुढचा तांब्या भरताना त्यांचा हात थांबला.

शहापुरात त्या कोणाकोणाकडे पाणी पितात? सगळ्यांकडे. वाण्याच्या दुकानात, डॉक्टरांकडे, भजनाच्या बायकांकडे. बाटली बरोबर असली तरी पितात, कारण दिलेलं पाणी नाकारू नये असं त्या स्वतःच सुनांना, भाच्यांना सांगत आल्या होत्या. मग भोकरवाडीत तो लखलखीत तांब्या पुढे आला तेव्हा जीभ आपोआप "राहू दे" का म्हणाली?

त्यांना आपलं माहेर आठवलं. लावणीच्या दिवसांत वाडीवरच्या बाया शेतावर यायच्या. त्यांची आई फार मायाळू बाई. बायांना भाकरीबरोबर लोणचं द्यायची, कोणाचं पोर आजारी असलं तर काढा करून द्यायची. आणि पाणी मागितलं की कळशी उंच धरून त्यांच्या ओंजळीत सोडायची. धार उंचावरून पडायची, कळशी कोणाला लागायची नाही. आई हे कधी शिकवत बसली नाही. द्वारका तेव्हा बांधावर बसून बघत असे, एवढंच.

नेम आपण देवापुढे बोलून घेतला. हे दुसरं न बोलता कधी अंगात आलं, आणि नेमाच्या पदराआड जाऊन बसलं. इतकी वर्षं त्याच्यावर नजर पडली नाही. आपण ज्याला नेम समजतो त्यातला किती देवाचा आणि किती असा, हे निवडायचं कसं? त्या दिवशी सहस्रनाम म्हणताना त्या दोनदा चुकल्या.

सकाळी त्यांनी साईनाथला सांगितलं की हरेशशेठला अजून काही कळवू नकोस. मी जाऊन येते. गाडी नको, एस.टी.ने जाईन. त्याने बरोबर येतो म्हटलं, तेही नको म्हणाल्या. डबा त्यांनी घेतला. बाटली ओट्यावर ठेवली होती, ती साईनाथने उचलून पुढे केली.

"ती राहू दे," त्या म्हणाल्या.

भादव्याचं ऊन पाठीवर बसत होतं. किन्हवलीला गाडी बदलताना स्टँडवर माठ होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या गाडीत चढल्या. सरळगावला पुन्हा गाडी बदलली. टोकावड्याहून एका टमटमने त्यांना गावाच्या टोकापर्यंत सोडलं, पुढे पायी. भात पोटरीला आलं होतं, वारा नव्हता. डाव्या हाताला डोंगराची धार सरळ उभी होती आणि तिच्या अंगावर पिवळं दिसायला लागलं होतं. इथून बायका उतरणार. ओहोळाचं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. लुगडं वर खोचून त्या पलीकडे गेल्या. ओहोळातलं पाणी चांगलं नितळ होतं, पण तेही त्यांनी तोंडात घेतलं नाही.

सकुबाई अंगणात शेण गोळा करत होती. तिने मान वर केली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जयश्री आतून डोकावली आणि सासूचा चेहरा बघून पुन्हा आत झाली.

द्वारकाबाई ओट्यावर टेकल्या. जीभ टाळूला चिकटली होती.

"सकुबाई, पाणी देता?"

सकुबाईने हात धुतले, ते सावकाश धुतले.

"बाटली नाय आणली?"

"नाही."

"इसरलाव?"

"नाही. घरी ठेवून आले."

सकुबाई आत गेली. तोच पितळी तांब्या घेऊन बाहेर आली. द्वारकाबाई एरवी भांडं वर धरून पाणी प्यायच्या, लहानपणापासूनची सवय. आज त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला, तोंडाला लावला आणि अर्धा झाल्यावर थांबल्या. पदराने तोंड पुसलं, आणि उरलेलाही संपवला. मग रिकामा तांब्या पुढे करून म्हणाल्या, आणखी द्या.

दुसरा तांब्या होईपर्यंत सकुबाई समोर उकिडवी बसून बघत होती.

मग द्वारकाबाईंनी सांगितलं. यजमान कसे पडले, दवाखान्यात त्या देवापुढे काय बोलल्या, तेव्हापासून कुठलंच शिजलेलं बाहेरचं खात नाहीत, सख्ख्या बहिणीच्या घरचंसुद्धा नाही. बोलताना त्यांना जाणवलं की ही गोष्ट आपण आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला समजावून सांगतो आहोत. सकुबाईने मधे एकदाही मान हलवली नाही.

"देवाला ठावं आसल तुमचा नेम," ती शेवटी म्हणाली. "मला कसा ठावं व्हायचा? मी जे बघितलं ते बघितलं. ताट परत ग्यालं. आनि पानी पन."

"पाण्याचा नेम नव्हता," द्वारकाबाई म्हणाल्या.

एवढं बोलून त्या थांबल्या. पुढे काही जोडायचं त्यांच्या मनात आलं, पण जे जोडलं असतं ते सबब झालं असतं. अंगणात कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती.

"नव्हता ना," सकुबाई म्हणाली. "तेच म्हनलं."

ती उठली आणि आत गेली. द्वारकाबाईंना वाटलं, संपलं. आता उठावं. तेवढ्यात सकुबाई शिंकं घेऊनच बाहेर आली आणि त्यातून एक पिवळट लांबट साल काढून ओट्यावर ठेवली. वाळत घातलेल्या बिया त्या सालीत होत्या.

"ही तुमची काकडी."

"तुम्ही खाल्ली नव्हती," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी तक्रार उतरलीच.

"कशी खानार? आमचं नवं झालं नव्हतं." सकुबाईला पहिल्यांदाच हसू आल्यासारखं झालं. "वाडीत नवं झाल्याबिगर आमी नवी काकडी, नवा दाना तोंडात घालत नाय. भगत दिस सांगतो. आधी देवाला, मंग आमाला. तुमी म्हनलाव चिरा. देवाच्या आधी कशी चिरू गो बाय?"

"मग सांगायचं ना तसं."

"तुमी तरी कुठं सांगितलाव?"

जयश्री दाराआडून खुदकन हसली. सासूने तिच्याकडे डोळे वटारले, पण ते वटारणं काही खरं नव्हतं.

नवं आदल्या मंगळवारी झालं होतं. वाडीतल्या घराघरातून देवापुढे काहीबाही आलं होतं, आणि सकुबाईने शिंक्यातली काकडी नेऊन ठेवली होती. त्या दिवशी देवापुढे तिच्याएवढी लांब काकडी दुसरी नव्हती, असं ती म्हणाली. मग प्रसाद म्हणून सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली. बिया तिने ठेवल्या. बी चांगलं होतं.

द्वारकाबाई त्या बियांकडे बघत राहिल्या. आपल्या परसातली काकडी आपल्याला माहीत नसलेल्या देवापुढे जाऊन बसली होती, आणि आपण गाडीत बसून तिच्यासाठी रुसलो होतो.

"काकडी चालती काय तुमच्या नेमाला?" सकुबाईने विचारलं.

"चालते. शिजवलेलं नाही ना."

सकुबाई घरामागे गेली. कुडावर चढलेल्या तिच्या वेलाची काकडी आखूड होती, काटेरी, हिरवी गर्द. विळीवर बसून तिने फोडी केल्या आणि मीठ लावू का म्हणून विचारलं. तशीच द्या, द्वारकाबाई म्हणाल्या. एक फोड त्यांनी उचलली, एक सकुबाईने. जयश्रीला हाक मारून तिसरी तिला दिली. काकडी देठाकडे किंचित कडू होती. कोणी तसं म्हटलं नाही.

पण सकुबाईचं अजून संपलं नव्हतं. फोड चावता चावता ती म्हणाली, तुमच्या बँकेच्या बाया येतील, त्या माझ्या भाकऱ्या खातील, आणि तुम्ही त्यांच्यासमोर बसून काकडी खाल. त्या काय म्हणतील? ज्या बाईला विचारून आपण इथं आलो ती बाईच इथलं खात नाही. मी त्यांच्यामागे जाऊन नेम सांगत बसू काय?

हे खरं होतं. द्वारकाबाईंनी टोकावड्यापासूनच्या वाटेवर याचाच विचार केला होता. नेम सोडावा का, हेही त्यांनी मनात घोळवून बघितलं होतं. ज्ञानेश्वररावांचा दवाखान्यातला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्यांना ते धैर्य झालं नाही. एक गोष्ट बरोबर करताना दुसरी मोडायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मोडलंही असतं कदाचित, पण मग सकुबाईच्या भाकरीबरोबर त्यांनी भीती गिळली असती. तसली भाकरी खाऊन तिचा काय मान राहणार होता?

"मी सांगेन," त्या म्हणाल्या. "ताटं वाढायच्या आधी, तुमच्या देखत सांगेन. माझा नेम आहे, तो माझ्या बहिणीच्या घरीही आहे, असं. आणि पाणी सगळ्यांच्या आधी तुमच्या माठातलं मी पिईन. त्यांच्यासमोर. बाटली कोणाच्याच हातात नसेल."

"तुमचा आवाज येवढासा," सकुबाई म्हणाली. "ऐकू तरी जाईल काय कुनाला?"

"मोठ्याने सांगेन."

"बघू."

ती बघू म्हणाली, हो म्हणाली नाही. द्वारकाबाईंनी त्यावर जोर केला नाही. पण मग सकुबाई बोटाने जमिनीवर रेघा ओढत विचारू लागली. किती बाया? थकून येतील तर पाय शेकायला गरम पाणी लागेल ना? विहीर खाली ओहोळाकडे आहे, जयश्रीला आता हंडे उचलू द्यायचे नाहीत, मग पाण्याच्या खेपा कोण घालणार? गाडी संध्याकाळी येणार असेल तर काळूरामला सांगा, येताना गावातून दोन पिंपं भरून आणायची. रिकामीच तर येते त्याची गाडी.

"तो कुरकुरेल," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कुरकुरू दे. रिकामा येतो म्हनून झोप लागती त्याला. पिंपं हिंदळली की जागा ऱ्हाईल."

ऊन कलायला लागलं होतं. शेवटची गाडी चुकेल म्हणून द्वारकाबाई उठल्या. सकुबाईने घरातून एक जुनी प्लॅस्टिकची बाटली आणली, विसळली, माठातून भरली आणि त्यांच्या पिशवीत घातली. वाटेत लागेल, म्हणाली. नंतर सालीतल्या थोड्या बिया तिने कागदात बांधून दिल्या. तुमच्याच हायेत, पण आता देवाच्या झाल्यात, पुढच्या साली लावा.

ओहोळापर्यंत ती पोचवायला आली. गुरं घेऊन बुधू पलीकडून येत होता. त्याने द्वारकाबाईंना बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि विचारू की नको अशा चेहऱ्याने तिथेच थांबला.

"भट्टीवाल्याचा मानूस आला ना," सकुबाई त्याला म्हणाली, "तर त्याला सांग, यंदा आमच्याकडं पाव्हनी हायेत."

बुधूने मान हलवली आणि गुरं पाण्यात घातली. द्वारकाबाई पलीकडच्या काठाला चढल्या. भातखाचरांच्या बांधावर थोडं पुढे गेल्यावर त्यांनी बाटली काढली आणि उभ्यानेच दोन घोट घेतले. तहान काही राहिली नव्हती. मग साईनाथला फोन लावला. लागला नाही. वाडीत रेंज नव्हती, ती टोकावड्याच्या अलीकडच्या चढावर मिळणार होती. त्या भराभर चालू लागल्या.